कुलपाच्या सहीचं पत्र

बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि घरी येणारी माणसं अजूनही हळू आवाजातच बोलत होती. क्लबचे सेक्रेटरीकाका तर एरवी मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणारे. तेसुद्धा बेल वाजवल्याबद्दल माफी मागितल्यासारखे आत आले. प्लॅस्टिकच्या फाइलमधून त्यांनी दोन कागद काढले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक होता संमतीचा अर्ज, दुसरी एका जुन्या पत्राची झेरॉक्स.

"किल्ली, हे वाच आणि तिथे खाली सही कर," ते म्हणाले. "मुलांच्या मैदानाच्या फाटकापाशी बोर्ड लावतोय. कुलपानं एका पोरीला लिहिलेलं पत्र, त्याच्या सहीसकट. हे एवढं मोठ्ठं. आत येणारं प्रत्येक पोर आधी ते वाचेल, मग बूट बांधेल."

कुलूप म्हणजे बाबा. एकोणीस वर्षं त्यांनी व्यावसायिक फुटबॉल खेळण्यात घालवली, त्यातली सोळा याच क्लबच्या गोलात. ते दोन खांबांच्या मध्ये येऊन उभे राहिले की "लागलं कुलूप!" अशी आरोळी उठायची. मग त्यांच्या मुलीला किल्ली म्हणायला कोणाची परवानगी थोडीच लागणार होती! आता ती चाळीस वर्षांची, कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी, चार शब्दांच्या जागी दोन बोलणारी बाई झाली होती. पण क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या लेखी ती किल्लीच.

तिनं झेरॉक्स उचलली. अक्षर गोलगोल, वेलांट्या उगाच लांब ओढलेल्या. तिचं स्वतःचं, बाराव्या वर्षीचं. खाली बाबांची तिरकी सही आणि सहीशेजारी त्यांनी काढलेलं छोटं कुलूप. मधल्या ओळी तिला वाचाव्या लागल्याच नाहीत.

"थांबू नकोस. गोलकीपर आपली जागा सोडत नाही. दुखतं तेव्हाच माणसाला कळतं, आपण कोण आहोत."

"काय लिहून गेलाय!" सेक्रेटरीकाकांचे डोळे भरून आले. "पस्तीस वर्षं ओळखत होतो त्याला. पण असलं वाक्य त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही बघ."

"नाही ना," किल्ली म्हणाली.

"उद्या संध्याकाळी रंगाऱ्याकडे द्यायचंय. घाई नाही, पण उद्या दे."

ते गेले. चहा तसाच राहिला होता.

*

त्या काळी क्लबात पोरांची पत्रं पोत्यानं येत. सगळ्यांत जास्त सेंटर फॉरवर्डला. त्याच्या खालोखाल, आश्चर्य म्हणजे, कुलपाला. सेंटर फॉरवर्ड छापील फोटो पाठवून मोकळा व्हायचा. बाबांचा हट्ट असा की ज्यानं पत्र लिहिलं त्याला पत्रच जायला पाहिजे. हट्ट उत्तम, पण लिहिणार कोण? उजव्या हाताची करंगळी तीनदा मोडून बाहेरच्या अंगाला वळलेली, शेजारचं बोट वाकडं जुळलेलं. तीन ओळींत हात दुखायचा आणि अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळाली असावी.

"मी तुमची बायको आहे, कारकून नाही," असं आईनं पहिल्याच पोत्याला सांगून टाकलं होतं. तेव्हा ते काम किल्लीकडे आलं. तिला वाचनाचं वेड, अक्षर चांगलं, आणि बाबांच्या शेजारी बसायला ती कशालाही तयार.

मॅच नसलेल्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे चालायचं. बाबा खांद्यावर बर्फाची पिशवी ठेवून ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत. पिशवीतून पाणी ठिबके. आई मागून फडकं घेऊन पुसत जाई. किल्ली पत्र वाचून दाखवी, बाबा क्षणभर थांबत आणि म्हणत, "लिही."

एकानं विचारलं होतं, उंची वाढावी म्हणून मी रोज दाराच्या चौकटीला लटकतो, अजून किती दिवस लटकू? "लिही. चौकट निखळेल, उंची आहे तेवढीच राहील. खाली उतर आणि उडी मारायला शीक." एकाला जाणून घ्यायचं होतं, जिंकल्यावर तुम्ही काय खाता? "हरल्यावर खातो तेच. बायको दोन स्वयंपाक करत नाही." एका पोराच्या हातून सुटलेल्या चेंडूनं शाळा हरली होती आणि वर्गात कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. त्याच्यासाठी बाबांनी दोन फेऱ्या जास्त घातल्या. "लिही. गोल झाला की चेंडू जाळ्यातून स्वतः काढायचा. दुसऱ्यानं काढून हातात द्यायची वाट बघायची नाही. काढायचा, पुसायचा, मैदानाच्या मध्याकडे फेकायचा. एवढं केलं की पुढचं काम सुरू होतं. उद्या वर्गात तूच आधी बोल."

असला उपदेश. त्यात सिंहाचं काळीज नव्हतं की यशाचं शिखर नव्हतं. किल्लीला कधी कधी तो अगदीच मिळमिळीत वाटायचा. ती वाचत असलेल्या पुस्तकांतले वीर पुष्कळच बरं बोलत.

पत्र लिहून झालं की बाबा म्हणत, "वाच." ती मोठ्यानं वाचून दाखवी, मग ते सही करत. ही वाचण्याची पद्धत कशासाठी, हे घरातल्या तिघांनाच माहीत होतं. छत्तिसावं सरलं तसं बाबांना जवळचं दिसेनासं झालं होतं. दूरचं लख्ख दिसे, चाळीस यार्डांवरून येणारा चेंडू कोणत्या बाजूनं फिरतोय ते दिसे. पण हातातल्या कागदावर नुसत्या मुंग्या. चष्म्याचं नाव काढायची सोय नव्हती. गोलकीपरला चष्मा लागला ही बातमी क्लबात पोचली असती, तर दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं गोड बोलून हातात निरोपाचा हार दिला असता.

तरी मॅनेजरला काय कळायचं ते कळलंच. त्या मोसमात वीस वर्षांचा एक उंच मुलगा गोलात उभा राहू लागला आणि बाबा जाड कोट घालून बाकावर बसू लागले. निवृत्ती हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं. आई भांडी जरा जोरात आपटायची, एवढंच. किल्ली मात्र रोज मनाशी म्हणायची, बाबा थांबणार नाहीत.

आणि त्याच मोसमात ते पत्र आलं.

लिहिणारी तेरा वर्षांची, शाळेच्या संघाची गोलकीपर. प्रत्येक मॅचनंतर गुडघा सुजून टोपीएवढा होतो. डॉक्टर म्हणतात, वर्षभर खेळ बंद. सर म्हणतात, तू नाही तर दुसरी आहे. दोन महिन्यांनी स्पर्धा आहे. मी काय करू? तुम्ही सांगाल ते करीन.

बाबा येरझारा घालायचे थांबले. खुर्ची ओढून बसले. पत्र सांगताना ते बसलेले तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"लिही," ते म्हणाले. "थांब. वर्षभर थांब."

पुढेही बरंच सांगितलं. पण ते 'थांब' त्यांनी इतक्या सहज, इतक्या मऊ आवाजात म्हटलं, की किल्लीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हे त्या पोरीला सांगतच नाहीयेत, स्वतःला सांगतायत. पेन तिच्या हातात होतं. तिनं लिहिलं, "थांबू नकोस." एकदा एवढं लिहिल्यावर पुढची वाक्यं आपोआप आली, पुस्तकांतल्या वीरांचा तिच्याकडे भरपूर साठा होता.

"वाच," बाबा म्हणाले.

तिनं वाचलं, म्हणजे कागदाकडे बघत बाबांनी सांगितलेला शब्द न् शब्द पुन्हा म्हटला. बाबांनी मान डोलावली, सही केली, कुलूप काढलं. पाकिटावर तिकीट तिनंच चिकटवलं.

तीन महिन्यांनी बाबा निवृत्त झाले. त्या 'थांबू नकोस'चा त्यांच्यावर काहीच परिणाम होण्यासारखा नव्हता. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं.

त्याच वर्षी त्या मुलीचं दुसरं पत्र आलं. "तुम्ही सांगितलंत म्हणून थांबले नाही. गुडघ्याला पट्टी बांधून खेळले. आम्ही फायनल जिंकलो." बाबा दारात उभे होते.

"ती गुडघेवाली का गं? काय म्हणतेय?"

"थांबले म्हणते," किल्ली म्हणाली. "बरं वाटतंय म्हणते."

बाबांचा चेहरा असा उजळला, की तेवढा त्यांनी पेनल्टी अडवल्यावरही तिनं पाहिला नव्हता. त्यांनी तिला पत्र पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा आणखी दोन वाक्यं रचावी लागली. दुसऱ्या दिवशी तिनं ते पत्र शाळेच्या वाटेवर फाडलं, आणि बाबांनी मागितलं तेव्हा हरवलं म्हणून सांगितलं.

पुढची अठ्ठावीस वर्षं बाबा ती गोष्ट सांगत राहिले. "शेकड्यांनी पत्रं लिहिली. पोरं ऐकतात थोडीच! ती पाहिजे ते विचारतात आणि पाहिजे ते करतात. पण एका पोरीनं ऐकलं. गोल किती वाचवले ते लोकांनी मोजलं. मी एक गुडघा वाचवलाय." पाहुण्यांना सांगत, डॉक्टरांना सांगत, शेवटच्या दीड वर्षात अंथरुणाला खिळल्यावर व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलाला तर आठवड्यातून दोनदा. किल्ली तेवढ्यात पाणी आणायला उठत असे.

आठ महिन्यांपूर्वी फोन आला होता. आवाज बाईचा, मोकळा, भरदार. "मी क्लबातली नवी गोलकीपिंग कोच. लहानपणी तुमच्या वडिलांनी मला पत्र लिहिलं होतं, गुडघ्यावरून. एकदा येऊन भेटू का?"

"डॉक्टरांनी भेटीगाठी बंद केल्यात," किल्लीनं सांगितलं. डॉक्टरांनी तसं काही केलं नव्हतं. बाई चिकाटीची, तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाली, "बरं, मग त्यांना एवढंच सांगा, की मी थांबले नाही."

"सांगते," किल्ली म्हणाली.

*

आई आतल्या खोलीत बाबांचे गोलकीपिंगचे हातमोजे जोडीजोडीनं लावत बसली होती. किल्ली अर्ज हातात घेऊन दारात उभी राहिली, आणि सगळं सांगून टाकलं. आईनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर.

"बारा वर्षांची होतीस," ती शेवटी म्हणाली.

"फोनवर बोलले तेव्हा एकोणचाळीसची होते."

"तेव्हा त्यांना सांगून काय मिळवलं असतंस? तेवढं एक सुख होतं त्यांना." आईनं एक डावा मोजा उलटा करून बघितला, त्याचा जोडीदार सापडेना. "सही कर आणि मोकळी हो. गेलेल्या माणसाच्या तोंडी लोक काय वाट्टेल ते घालतात. त्यातल्या त्यात हे बरं आहे. आणि त्या बाईला आता सांगून तिचा गुडघा परत येणार आहे का?"

सकाळी किल्लीनं सही केली. स्वच्छ, एका दमात.

दुपारी ती अर्ज द्यायला क्लबवर गेली तर ऑफिसला कुलूप. सेक्रेटरी चारला येतील, असं माळी म्हणाला. साडेतीन वाजले होते. अर्धा तास काढायचा म्हणून ती स्टँडच्या मागून मुलांच्या मैदानाकडे वळली. बाबांच्या आजारपणात इकडे फिरकणं झालं नव्हतं. गवत नव्यानं लावलेलं, गोलाचे खांब रंगवलेले. बाकी वास तोच, ओल्या मातीचा आणि रबराचा.

गोलापाशी आठ-दहा पोरं आडव्या उड्या टाकत होती. एक बाई बाटल्यांच्या उलट्या क्रेटवर बसून ओरडत होती. तिचा डावा पाय सरळ, समोर काठीसारखा ठेवलेला. शेजारी गवतावर तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी गुडघ्यावर थंडगार बाटली दाबून बसली होती.

"काय बेडके, शनिवारी उडणार ना?"

"उडणार, मॅडम."

"दुखतंय?"

"थोडंसं. जिना उतरताना जास्त."

"चालायचंच. काय म्हणालेत कुलूपकाका?"

बेडकीनं तोंड उघडायच्या आत सगळी पोरं एका सुरात ओरडली, "थांबू नकोस!" एकानं तर तेवढ्या आनंदात सूर मारला.

"थांब," किल्ली म्हणाली.

आपण मोठ्यानं बोललो हे तिला सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

"कोण हवंय?" कोचनं विचारलं.

"मी कुलपाची मुलगी. फोनवर बोललो होतो आपण."

कोचचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं एक हात खांबाला धरला, दुसऱ्यानं क्रेट रेटलं आणि सरळ पाय तसाच ठेवून ती तीन टप्प्यांत उभी राहिली. तिच्या दृष्टीनं ते नेहमीचंच असणार. तेवढ्यात तिचं एका पोराला कोपर खाली ठेव म्हणून दटावूनही झालं. किल्लीनं ते तिन्ही टप्पे पाहिले.

"जरा बोलायचं होतं. आत."

सामानाच्या खोलीत खुंट्यांवर ओले मोजे टांगले होते, कोपऱ्यात फाटक्या जाळ्यांचा ढीग आणि हवा भरायचा पंप. कोच टेबलाच्या कडेला टेकली. किल्ली उभीच राहिली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. आदल्या दिवशी आईपुढे तालीम झाली होती, तरी वाक्यं अडखळली.

"हे बघा," कोच मध्येच म्हणाली, "घरचं माणूस जातं तेव्हा डोक्यात काय काय येतं. माझी आई गेली तेव्हा मलाही—"

"अक्षर माझं आहे. वेलांट्या बघा पत्रातल्या. आणि मग हा अर्ज बघा."

कोचनं अर्ज घेतला. नावापुढच्या वेलांट्या बघितल्या. सहीही बघितली.

"यावर तर सही झालीय."

"सकाळी केली."

"मग आता आलीस कशाला?"

"हा द्यायलाच आले होते. ऑफिस बंद होतं."

बाहेर चेंडू खांबावर आदळल्याचा आवाज आला आणि पोरं हसली. "तुम्ही"चं "तू" झालेलं दोघींपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"मग काय सांगितलं होतं त्यांनी?"

किल्लीला आठवावं लागलं नाही. "थांब. वर्षभर थांब. डॉक्टर सांगतात ते बरोबर आहे. तुझी जागा दुसरीला मिळेल, मिळू दे. जागा गोलाची असते, आपण तिथे थोडे दिवस उभे राहतो. गुडघा मात्र तुझा आहे. त्याच्यावर तुला जिने चढायचेत, बस पकडायचीय, म्हातारपणी रात्री उठून बाथरूमला जायचंय. वर्षभर मॅचला जात जा, पण गोलाच्या मागे उभी राहा. चेंडू कुठून येतो ते तिथून फार चांगलं कळतं, मी आत्ता तेच शिकतोय. रडायला आलं तर रड. मीही रडतो, बायकोला विचार." ती थांबली. "मग म्हणाले, बायकोला विचार हे लिहू नको, ती खरंच पत्ता मागेल."

कोचच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा.

"गोलाच्या मागे," ती म्हणाली. मग, "मी जिंकले म्हणून कळवलं होतं. त्याचं काय झालं?"

"थांबलीस असं वाचून दाखवलं. नंतर फाडलं."

"आणि फोनवर मी निरोप दिला होता."

"नाही सांगितला."

"म्हणजे त्यांना वाटत राहिलं, की मी थांबले."

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. सगळ्यांना सांगायचे."

कोचनं आपल्या सरळ पायाकडे पाहिलं. "म्हणजे जगात एक तरी माणूस असा होता, ज्याच्या डोक्यात माझे दोन्ही गुडघे शाबूत होते."

किल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच आठवड्यांत आलं नव्हतं.

"रडू नकोस, मला राग येतोय," कोच म्हणाली. "एकोणिसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. क्लबाचा करार हातात होता, सही करायची तेवढी राहिली होती. थांबले असते तर वाचला असता का गुडघा? कोणी सांगावं. तू बारा वर्षांची, मी तेरा, पोरीच होतो. ते एक वेळ सोडून देईन. पण फोन केला तेव्हा तू पोर नव्हतीस. मला त्यांना एकदा बघायचं होतं. बाकी काही नको होतं."

"मी—"

"माफी मागू नकोस. आज नको."

तिनं अर्जाची घडी घातली आणि फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर टाकली. "सेक्रेटरींना मी बघते. बोर्ड लागलाच तर आत्ता म्हणालीस ते लागेल. सांगणारा कुलूप, लिहिणारी किल्ली, उशीर अठ्ठावीस वर्षं."

"आणि तुझ्याकडचं पत्र?"

"ते माझ्याकडेच राहील."

"पण ते खोटं आहे."

"असेल. ऑपरेशनच्या आदल्या रात्री ते माझ्या उशाखाली होतं, तेव्हा तू कुठे होतीस? माझं आहे ते. फाडायची सवय तुला, मला नाही." ती टेबलावरून उठली; पुन्हा तेच तीन टप्पे. दारापाशी वळून म्हणाली, "बाहेर ती बेडकी बसलीय. तिला मीच चढवलंय महिनाभर, तुझ्या वाक्यावर. आता मी नाही सांगणार. ज्यानं लिहिलं त्यानंच खोडावं."

*

बेडकी अजून गवतावरच होती. बाटलीतला बर्फ वितळला होता. किल्ली तिच्यासमोर उकिडवी बसली. जवळून तो गुडघा फुगलेल्या वाटीसारखा दिसत होता, कातडी ताणून चकचकीत झालेली.

"शनिवारी खेळू नकोस," किल्ली म्हणाली. "डॉक्टरांना दाखव. ते म्हणतील तितके दिवस थांब."

"तुम्ही कोण?"

"कुलूपकाकांची मुलगी."

"मग तुम्हाला येतं का गोलकीपिंग?"

"नाही."

"मग?"

बेडकीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडम पाठ करून दुसऱ्या पोरांचे मोजे तपासत होत्या.

"माझी जागा जाईल," बेडकी म्हणाली. आवाज चढला होता. "सहावीतली ती एक टपूनच बसलीय. एकदा गेली की गेली!"

आता काहीतरी छान बोलावं, असं किल्लीला फार वाटलं. जन्मभर वाचलेलं हाताशी होतं. धीर देणारी वीस वाक्यं रांगेत उभी होती, एकाहून एक सुंदर.

"जाईल," ती म्हणाली.

बेडकीचा चेहरा लाल झाला. डोळ्यांतून पाणी गळू लागलं, तशी ती आणखीच चिडली. "तुम्हाला काय कळतंय? तुमचे बाबा असते ना, तर असं कधीच बोलले नसते!"

हे तिनं इतक्या जोरात म्हटलं, की उड्या मारणारी पोरं जागच्या जागी थांबली. पाच आठवड्यांत किल्लीशी कोणी एवढ्या मोठ्या आवाजात बोललं नव्हतं. उत्तर तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं. ते उत्तर पोरीच्या काही कामाचं नव्हतं.

बेडकीनं पिशवी खांद्याला मारली आणि ती फाटकाकडे निघाली, दुखऱ्या पायानं मुद्दाम भराभर.

"पाय टेकवून चाल गं!" कोच मागून ओरडली. "मॅच नाहीये आज!"

पोरगी ऐकेना, पण दहा पावलांत गुडघ्यानंच तिला ऐकायला लावलं. किल्लीनं तिला गाठलं आणि पिशवीसाठी हात पुढे केला. बेडकीनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"कुठली बस?"

बेडकीनं पिशवीचा पट्टा घट्ट धरला.

बसचा थांबा रस्त्याच्या त्या टोकाला होता, आणि पोरगी एकेक पाऊल मोजून टाकत होती. किल्लीनं आपली चाल कमी केली, आणखी कमी केली, आणि दोघी एकमेकींकडे न बघता शेजारून चालू लागल्या.